‘छंद’ ह्या रकान्यांत काय लिहावें?

गेल्या आठवड्यांत आमच्या घरीं एका कागदावरून बराच खल झाला. कागद साधाच होता. माझ्या थोरल्या बंधूंची नात आतां लग्नाची झाली आहे, आणि तिचें परिचयपत्र तयार करण्याचें काम, घरांतील निवृत्त शिक्षक ह्या नात्यानें, माझ्याकडे आलें होतें. जन्मतिथि, जन्मवेळ, गोत्र, नक्षत्र, उंची, शिक्षण, नोकरी, वडिलांचा व्यवसाय, आजोळ, असे सर्व रकाने मीं सुवाच्य अक्षरांत भरले. शेवटीं एक रकाना राहिला. त्यावर ‘छंद’ असा शब्द छापलेला होता आणि पुढें जेमतेम एक ओळ मोकळी होती.

“लिहा, काका, वाचन, संगीत, पाककला,” पुतण्या सहज म्हणाला.

“बाबा, स्वयंपाक मला पोटापुरता येतो आणि गाणें मी कधीं शिकलेंच नाहीं,” मुलगी म्हणाली.

“मग काय लिहावयाचें?”

“घड्याळें.”

ह्या एका शब्दासरशी माजघरांत शांतता पसरली. वास्तविक मुलगी बोलली तें अक्षरशः खरें होतें. दहा वर्षांची असल्यापासून ती बंद पडलेलीं घड्याळें उघडून बसते. वर्तमानपत्राच्या पानावर चक्रें, कमानी, काटे आणि डोळ्यांना दिसूं नयेत असे बारीक स्क्रू ओळीनें मांडते, आणि त्या वेळीं तिला जेवावयास हांक मारणें व्यर्थ असतें. आळींतील गजराचीं घड्याळें तिच्याकडे येतात. कांहीं चालूं लागतात, कांहीं कायमचीं मुकीं होतात. परंतु पुतण्याची अडचणहि खोटी नव्हती. “मुलाकडचीं माणसें काय म्हणतील? मुलगी घड्याळजी आहे काय, असें विचारतील,” असें त्याचें म्हणणें. कागद तसाच मेजावर राहिला, आणि मला ह्या महिन्याच्या सदराला विषय मिळाला.

आपल्याकडे स्वतःची ओळख करून देण्याची रीति फार जुनी व पक्की आहे. मुंज झालेल्या बटूला वडिलांपुढें हात जोडून प्रथम जें म्हणावयास शिकवितात, त्यांत प्रवर, गोत्र, सूत्र, शाखा असें सर्व येऊन अगदीं शेवटीं त्याचें स्वतःचें नांव येतें. आधीं कुळ, मग मनुष्य. प्रवासांत शेजारीं बसलेला गृहस्थहि पहिला प्रश्न “कोणत्या गांवचे?” असा करतो आणि दुसरा “कोणांपैकीं?” असा, तिसऱ्या प्रश्नापर्यंत बहुधा कांहीं नातें निघतेंच. ह्या रीतीला मी नांवें ठेवीत नाहीं. तिच्यामुळें परक्या गांवींहि आपल्याला पाटावर बसावयास मिळालें आहे.

तथापि विचार केला असतां असें दिसतें कीं, ह्या ओळखींतील एकहि गोष्ट आपण स्वतः मिळविलेली नसते. गोत्र ऋषींकडून आलें, नांव आत्यानें ठेवलें, गांव जन्मानें मिळालें आणि नोकरी पोटानें लावली. गांवाचें नांव तरी कायम असावें! माझ्या शाळेच्या दाखल्यावर ‘उस्मानाबाद’ असें आहे. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानाच्या नांवावरून पडलेलें हें नांव, १९४८ च्या सप्टेंबरांत निजामाचें राज्य गेल्यावरहि पाऊणशें वर्षें कागदोपत्रीं टिकलें. आमचे आजोबा मात्र घरांत ‘धाराशिव’च म्हणत. २०२३ सालीं सरकारी कागदांतहि धाराशिव आलें. म्हणजे माझ्या परिचयाची एक ओळ बदलली. मी होतों तोच राहिलों. सकाळीं उठून जें करावयाचें तेंच करीत राहिलों.

ह्या सर्व रकान्यांत ‘छंद’ हा एकच रकाना असा आहे, कीं ज्यांत मनुष्यानें स्वतः निवडलेली गोष्ट येते. कोणी सांगितलें नाहीं, कोणी पैसे दिले नाहींत, न केली तर कोणी विचारणार नाहीं, आणि तरीहि जी केल्यावांचून राहवत नाहीं, ती ही गोष्ट. आणि नेमक्या ह्याच रकान्यांत आपण सगळेजण एकमेकांची नक्कल करून ‘वाचन, संगीत, प्रवास’ असें लिहून मोकळे होतों!

दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वीं स्वतःचा रकाना भरावा हें बरें. वाचकहो, गेलीं कित्येक वर्षें ह्या पानावर आपली भेट होते. परंतु माझी खरी ओळख मीं आपल्याला कधीं करून दिलीच नाहीं. ती अशी आहे. मला रेल्वेचें वेळापत्रक वाचण्याचा छंद आहे. हा छंद जडला तेव्हां आमच्या गांवास रेल्वे नव्हती, हें त्यांतलें विशेष. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फूट रुंदीची चिमुकली गाडी १८९७ सालीं सुरू झाली आणि १९११ सालीं लातुरास पोंचली. परंतु आमच्या गांवाला बगल देऊन ती येडशीवरून गेली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत रूळ रुंद झाले, तेव्हां कोठें आमच्या गांवाला स्टेशन लाभलें. तोंवर मी अंगणांतल्या बाजेवर पडून कुर्डुवाडीस मोठी गाडी गांठीत असें व कोणत्या स्टेशनांत किती मिनिटें थांबावयाचें तें ठरवीत असें. त्या मानानें प्रत्यक्ष प्रवास मला फारसा मानवत नाहीं.

ह्याशिवाय कांहीं विक्षिप्त संवयी आहेत. चहा बशींत ओतल्यावांचून मला त्याची चव कळत नाहीं. वर्तमानपत्र माझ्या आधीं दुसऱ्या कोणीं उघडलें, तर तें कालचें वाटतें. पेन्सिल बोटाच्या पेराएवढी झाली तरी मला टाकवत नाहीं. अशा पेन्सिलींचा एक डबा भरलेला आहे. आणि घरांत बासुंदी केली कीं पातेल्याच्या तळाशीं व कडांना जी खरवड धरते, ती पळीनें काढून खाण्याचा हक्क माझा आहे. चाळीस वर्षांत त्याला कोणी हरकत घेतलेली नाहीं. इतकें वाचल्यावर आपल्याला माझें गोत्र ठाऊक नसलें तरी मी कोणत्या प्रकारचा मनुष्य आहें हें बरेंचसें कळलें असेल.

नांवगांवावांचूनहि मनुष्य ओळखतां येतो, ह्याचें एक उत्तम उदाहरण आमच्याच जिल्ह्याशीं निगडित आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा एका दर्यावर्दी व्यापाऱ्यानें ग्रीक भाषेंत एक लहानसें पुस्तक लिहिलें. ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ ह्या नांवानें तें प्रसिद्ध आहे. लेखकाचें नांव कोणालाच ठाऊक नाहीं. परंतु कोणत्या बंदरांत कोणता माल खपतो, वारे केव्हां सुटतात, भडोचच्या खाडींत भरतीच्या वेळीं गलबत नेणें किती धोक्याचें आहे, हें सर्व तो इतक्या बारकाईनें सांगतो कीं, बंदराच्या धक्क्यावर उभा राहून तो गांठोडीं मोजतांना आपल्याला दिसूं लागतो. एके ठिकाणीं झाडांच्या डिंकाविषयीं लिहितांना, आमच्या इजिप्त देशांतल्या झाडांसारखा, असें तो सहज बोलून जातो. तेवढ्यावरून तो कोठला हें पंडितांनीं ताडलें. नांव गेलें, कूळ गेलें. आवडनिवड मात्र एकोणीसशें वर्षें शाबूत राहिली.

ह्याच पुस्तकांत, पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें मोठें नगर असून तेथून जाडेंभरडें कापड, मलमल वगैरे माल गाड्यांतून भडोचला जातो, असें सांगितलें आहे. हें तगर म्हणजे कोणतें गांव, ह्याविषयीं पूर्वीं पुष्कळ तर्क झाले. १९०१ सालीं फ्लीट ह्या पंडितानें तें आमच्या जिल्ह्यांतील तेरणाकाठचें तेर होय असें दाखवून दिलें. गोरोबाकाकांचें तेर तें हेंच.

तेरला जुन्या वस्तीचीं मोठीं टेकाडें आहेत. पावसानें त्यांवरची पांढरी माती धुपली कीं मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, खापरें अशा वस्तु वर येतात. येणारेजाणारे पुष्कळ, पण त्या वस्तु वाकून उचलाव्या, पुसाव्या, जपाव्या असा नाद एखाद्यालाच लागतो. तो तेरचे रामलिंगप्पा लामतुरे ह्यांना लागला. त्यांनीं गांवांत व शिवारांत मिळणाऱ्या हजारों वस्तु जमविल्या. मण्यांपासून नाण्यांपर्यंत, मातीच्या बाहुल्यांपासून हस्तिदंती कामापर्यंत सर्व त्यांत आहे. इटलींतील पॉम्पेई शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथें १९३८ सालीं भारतीय घडणीची जी हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली, तिच्याशीं तेरच्या हस्तिदंती मूर्तीचें साम्य अभ्यासकांनीं दाखविलें आहे. ह्या संग्रहाचेंच पुढें तेर येथें शासकीय संग्रहालय झालें, आणि त्याला लामतुरे ह्यांचेंच नांव आहे. पुण्यास दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ह्यांची गोष्ट अशीच. कविता लिहावयाच्या त्या ‘अज्ञातवासी’ ह्या टोपणनांवानें, म्हणजे स्वतःला झांकून; पण दिवे, अडकित्ते, दौती, कोरीव दरवाजे जमविण्याच्या नादानें ते उघडे पडले. दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ ‘राजा’ हें नांव दिलेला तो संग्रह १९७५ सालीं त्यांनीं शासनाच्या स्वाधीन केला.

आपल्या भाषेंत छंदाला ‘नाद’ असें म्हणतात, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें. गोरोबाकाकांनीं संतमंडळींचीं डोकीं थापटून कोणतें मडकें कच्चें आणि कोणतें पक्कें तें ओळखलें, अशी कथा आहे. मडक्याची परीक्षा रंगावरून होत नाहीं, नादावरून होते. माणसाचेंहि तसेंच असावें.

परंतु नाद ऐकूं येण्यास कोणीं तरी थापटून पाहावें लागतें. आतां जें सांगावयाचें आहे तें सांगणें मला सोपें नाहीं.

माझ्या थोरल्या वहिनी तेरच्या. १९७१ सालीं त्या ह्या घरांत आल्या, तेव्हां दोन्ही वेळां चौदा पानें मांडलीं जात. कोणाला आमटींत गूळ चालत नाहीं, कोणाला येसर झणझणीत हवें, धाकट्या नणंदेला धपाट्याबरोबर दहींच लागतें, माझ्या बशींत चहा किती मावतो, हें सर्व त्यांना तोंडपाठ होतें. पन्नासांहून अधिक वर्षें त्यांनीं तें सांभाळलें. दोन वर्षांपूर्वीं त्या गेल्या. वर्षश्राद्धाच्या वेळीं आप्तेष्टांना देण्यासाठीं त्यांच्याविषयीं एक लहानसें स्मरणपत्रक छापावें असें ठरलें, आणि लिहिण्याचें काम अर्थात् माझ्याकडे आलें. जन्म, माहेर, विवाह, मुलें, नातवंडें, सर्व लिहून झालें. मग पुतण्यानें सुचविलें, “काका, आईच्या आवडीनिवडीबद्दलहि दोन ओळी असाव्यात.”

आम्ही पांच पुरुष बैठकींत बसलों होतों. एकालाहि एक ओळ सुचेना. अण्णा, म्हणजे माझे थोरले बंधु, बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. अखेरीस कोणी तरी म्हणालें, “सर्वांना करून वाढण्याची तिला फार आवड होती.” सुटल्यासारखे होऊन आम्ही सर्वांनीं माना डोलावल्या. नात दारांत उभी होती. ती म्हणाली, “आजीला ती आवड होती, कीं तें तिचें काम होतें?”

तिला उत्तर कोणींच दिलें नाहीं. पत्रकांत तेंच वाक्य छापलें गेलें.

त्यानंतर तीन महिन्यांनीं दिवाळीच्या आवराआवरींत स्वयंपाकघरांतील फडताळांत, मसाल्याच्या बरण्यांच्या मागें, बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा निघाला. आंत जुन्या पंचांगाच्या पानांच्या सव्वीस पुड्या होत्या. प्रत्येक पुडीवर पेन्सिलीनें साल आणि दोनचार शब्द. “१९७३. नदीकडचा उतार. तांबडा.” “१९७६. निळा, फुटका.” “१९७९. पाऊस नाहीं. खापरच.” उघडून पाहतों तों प्रत्येकींत एकेक मणी, किंवा शंखाच्या बांगडीचा तुकडा. नागपंचमीला माहेरीं गेल्यावर वहिनी पावसानंतर टेकाडावर जात असाव्यात, आणि दरसाल एकच वस्तु निवडून आणीत असाव्यात. श्रावणांत सर आली कीं त्या परसदारीं जाऊन उभ्या राहत, आणि आम्ही आंतून हांक मारीत असूं, “वहिनी, आमटी उतूं जाते आहे!” ती सर त्या कशासाठीं पाहत, हें आम्हांला त्या दिवशीं कळलें.

त्यांतल्या कांहीं पुड्या रिकाम्या होत्या. त्यांवर फक्त “जाणें झालें नाहीं” एवढेंच लिहिलेलें होतें. अशा रिकाम्या पुड्यांतली एक १९७४ ची होती. त्या सालीं मी कॉलेजांत होतों आणि श्रावणांत विषमज्वरानें एकवीस दिवस अंथरुणाला खिळलों होतों. औषध, पेज, कपाळावरच्या पट्ट्या, रात्रींचें जागरण, सर्व वहिनींनींच केलें. त्या वर्षीं त्या पंचमीला माहेरीं गेल्या नाहींत हें मला ठाऊक होतें. माझ्यामुळें त्यांचें काय हुकलें, हें कळावयास मला पन्नास वर्षें लागलीं. त्यांनीं तक्रार केली नाहीं. पण पुडी मात्र बांधून ठेवली.

मागाहून मी नातीबरोबर तेरच्या संग्रहालयांत गेलों. कांचेच्या पेटींत तसेच तांबडे मणी होते. नात पुन्हां पुन्हां पेटीपाशीं जाई आणि हातांतली पुडी उघडून ताडून पाही. एकाचा नाद सर्वांना कळला आणि त्याचें नांव दारावर लागलें, ह्याचा मला आनंदच वाटला. वहिनींचें नांव कोठें लागावें अशी त्यांची इच्छा असेल असें मला वाटत नाहीं. त्यांना एकदां कोणीं तरी विचारावयास हवें होतें, एवढेंच. चौदा माणसांच्या घरांत त्यांचा एकान्त एका पत्र्याच्या डब्यांत मावला, आणि आम्हीं त्यांची ओळख ‘वाढण्याची आवड’ ह्या दोन शब्दांत उरकली.

हें सर्व त्या रात्रीं माझ्या मनांत होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं परिचयपत्र पुढें ओढलें व त्या रिकाम्या रकान्यांत लिहिलें: “बंद पडलेलीं घड्याळें उघडून दुरुस्त करणें. दहांपैकीं सहा चालूं लागतात.” पुतण्यानें वाचलें आणि तो अस्वस्थ झाला. बापाचें मन तें. मुलगी चांगल्या घरीं पडावी म्हणून तिचे कंगोरे थोडे झांकावेत असें त्याला वाटलें, तर त्याला दोष कसा द्यावा? वाद वाढणार, इतक्यांत अण्णा कोपऱ्यांतून बोलले. वहिनी गेल्यापासून ते फारसे बोलत नाहींत. ते म्हणाले, “हिच्या आजीचा रकाना आपण खोटा भरला. हिचा तरी खरा असूं द्या.”

पत्र तसेंच गेलें. उत्तर अजून आलेलें नाहीं. येईल तें येईल. घड्याळांचें नांव काढल्याबरोबर ज्या घरच्यांना घाम फुटेल, त्या घरीं ह्या मुलीनें पुढचीं पन्नास वर्षें वर्तमानपत्र कोठें पसरावयाचें, हाहि प्रश्न आहेच.

वाचकहो, आपल्यांतील पुष्कळांचीं घरें आमच्यासारखींच भरलेलीं आहेत. अशा घरांत प्रत्येकाचें नातें सर्वांना पाठ असतें आणि म्हणूनच त्याची ओळख करून घेण्याचें राहून जातें. सासरा, सून, भावजय, दीर ह्या शब्दांनीं काम भागतें. म्हणून आज रात्रीं पंगतींत, जो वाढीत असेल त्याला, किंवा बहुधा तिला, एक प्रश्न विचारून पाहा. “काय करावयाचें राहिलें?” असा नव्हे, “तुम्हांला स्वतःला काय आवडतें?” असा. पहिलें उत्तर बहुधा खरें मिळणार नाहीं. थोडें थांबावें.

मीं हा प्रयोग घरींच केला. आमच्या सौभाग्यवतींना मीं गंभीर मुद्रेनें तो प्रश्न विचारला. “आधीं ताक वाढूं द्या,” असें पहिलें उत्तर आलें. मी थांबलों. ताक वाढून झालें, भात संपला, आणि हात धुतांना त्या म्हणाल्या, “मला होय? बासुंदीची खरवड. माहेरीं असतांना पातेलें माझ्याच वांट्याला येत असे.”

एकेचाळीस वर्षांच्या संसारांत ही गोष्ट मला प्रथमच कळली. माझ्या विक्षिप्त संवयींची जी यादी वर दिली आहे, तींतील शेवटची आतां वाचकांनीं कृपा करून खोडून टाकावी.